टायमिंग बेल्ट: सोलापूरच्या उन्हात कधी पाहायचा, कसा बदलायचा

“मिस्त्री, गाडी ४० हजारच पळलीय, आत्ताच कशाला बेल्ट?”

हा प्रश्न बहुतेक वेळा निवृत्त झालेल्या काकांचा असतो. मुलं पुण्याला, गाडी सोलापुरात. गुरुवारी अक्कलकोट, अधूनमधून तुळजापूर, लग्नसराईत बार्शी-पंढरपूर, एरवी गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी. ९-१० वर्षांत जेमतेम ४० हजार किलोमीटर होतात आणि काकांना वाटतं, बेल्ट अजून नवाच आहे. पण रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. म्हणूनच कंपनीच्या पुस्तकात ‘अमुक किलोमीटर किंवा अमुक वर्षं, जे आधी येईल ते’ असं छापलेलं असतं. घरगुती वापराच्या गाडीला सोलापुरात बहुधा वर्षंच आधी येतात.

बेल्टचं काम थोडक्यात सांगतो. खाली क्रँकशाफ्ट पिस्टन वर-खाली करतो, वर कॅमशाफ्ट वॉल्व्ह उघडतो-मिटतो. क्रँकचे २ फेरे झाले की कॅमचा १ फेरा व्हायला हवा, म्हणून कॅम पुलीला दात दुप्पट असतात. हा मेळ बेल्ट धरून ठेवतो. बेल्ट तुटला की कॅम जागीच थांबतो, काही वॉल्व्ह उघडे राहतात आणि वेगात वर येणारा पिस्टन त्यांच्यावर आदळतो. ज्या इंजिनात अशी धडक होते त्याला इंटरफिअरन्स इंजिन म्हणतात. डिझेल इंजिनं जवळपास सगळीच या प्रकारची, कारण कॉम्प्रेशन जास्त ठेवायला पिस्टन आणि हेड (सिलिंडरवरचं झाकण, ज्यात वॉल्व्ह असतात) यांच्यात जागाच फारशी उरत नाही. पेट्रोलमध्ये काही इंजिनं वाचतात, पण त्या भरवशावर राहू नये.

बेल्ट आहे की चेन?

आधी हे बघा, नाहीतर पुढचं सगळं व्यर्थ. मारुतीची के-सिरीज, ह्युंदाईचं १.२ कप्पा, स्विफ्ट-इंडिकामध्ये आलेलं १.३ लिटरचं फियाट डिझेल यांना चेन आहे. मारुती ८००, ७९६ सीसीची अल्टो, जुनी १.१ सँट्रो, इंडिकाचं १.४ डिझेल, डस्टर-लोगनचं १.५ डिझेल, इनोव्हाचं २.५ डिझेल, पोलो-व्हेंटोचं १.५ डिझेल यांना बेल्ट. आपली गाडी या यादीत नसेल तर इंजिनाच्या बाजूचं कव्हर पाहा. हलकं प्लास्टिकचं, १० नंबरच्या बोल्टांनी धरलेलं कव्हर असेल तर आत कोरडा बेल्ट. धातूचं, गॅस्केट लावून तेलबंद केलेलं असेल तर बहुधा चेन. काही नव्या इंजिनांत बेल्टच तेलात चालतो. तो प्रकार वेगळा, हा लेख त्याच्यासाठी नाही.

बदलायची मुदत बऱ्याच गाड्यांत ६० हजार ते १ लाख किलोमीटरच्या दरम्यान असते, काही डिझेलमध्ये दीड लाखापर्यंत जाते. आपल्या गाडीचा आकडा पुस्तकातूनच घ्या. माझं मत विचाराल तर ५ वर्षं झाली की दरवर्षी कव्हर उघडून बघा आणि पुस्तक काहीही सवलत देत असलं तरी ७ वर्षांच्या पुढे नेऊ नका. इनोव्हाच्या २.५ डिझेलला मीटरवर टी-बेल्टचा दिवा असतो. तो किलोमीटर मोजतो, वर्षं मोजत नाही, हे लक्षात ठेवा. जुनी गाडी घेतली असेल आणि बेल्ट कधी बदलला याचं बिल नसेल, तर बदललेला नाही असंच धरून चला. मीटर मागे फिरवलेल्या गाड्या बाजारात कमी नाहीत.

तपासणी

इंजिन पूर्ण थंड हवं. सकाळी गाडी सुरू करण्याआधीची वेळ उत्तम. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. पेट्रोल गाडी असेल तर स्पार्क प्लग काढा, म्हणजे कॉम्प्रेशन सुटतं आणि क्रँक बोल्टवर पाना लावून इंजिन हाताने फिरवता येतं. वरचं कव्हर काढा, टॉर्च घ्या आणि थोडं थोडं फिरवत बेल्ट पूर्ण पाहा. दिसतो तेवढाच तुकडा बघून “चांगला आहे” म्हणणारे खूप आहेत. खराब दात नेमका खाली क्रँक पुलीत बसलेला असतो.

बेल्टच्या पाठीवर आडव्या बारीक भेगा आहेत का ते बघा. पाठ चकाकत असेल आणि नख दाबून खूण उमटत नसेल तर रबर कडक झालंय. मग दाताच्या मुळाशी बघा. दात जिथे पट्ट्याला मिळतो तिथे केसाएवढी चीर असेल तरी बेल्ट संपला, कारण दात उडतात ते तिथूनच. बेल्ट हलकासा वाकवून पाहिलात की चीर उघडते. वाकवायचा म्हणजे हलकासाच. चुरगाळलात तर आतले काचतंतू तुटतात आणि चांगला बेल्टही जातो.

कडेचे धागे निघालेले दिसले तर नुसता बेल्ट बदलून भागणार नाही. बेल्ट एका बाजूला सरकून कशाला तरी घासतोय. टेन्शनरचं, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या चाकाचं, बेअरिंग ढिलं झालेलं असतं किंवा पुली वाकडी बसलेली असते.

बेल्ट तेलाने ओला असेल तर बोटाने पुसून वर-खाली माग काढा. वरून ओघळ असेल तर कॅमचं ऑइल सील किंवा टॅपेट कव्हरचं गॅस्केट, खालीच ओलं असेल तर क्रँकचं सील. तेल लागलेला बेल्ट पुसून परत वापरायचा नसतो. रबर फुगतं आणि दात सैल होतात. वॉटर पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक असतं, तिथे हिरवट, गुलाबी किंवा पांढरा खरपुडा साचलेला असेल तर पंपाचं सील गळायला लागलंय. सोलापुरात हे फार दिसतं. कूलंट कमी झालं की लोक सरळ बोअरचं पाणी ओततात, त्या जड पाण्याचे क्षार पंपाच्या सीलला खातात. पूर्व भागात यंत्रमागांच्या गल्लीत उभ्या असणाऱ्या गाड्यांच्या कव्हरमध्ये धुळीबरोबर सुताचं तूसही निघतं. त्यात तेल मुरलं की काळी पेस्ट होऊन ती पुलीच्या दातांत बसते.

आणखी एक गोष्ट बघा, कव्हरचे बोल्ट सगळे आहेत का? मागच्या कुणीतरी ५ पैकी ३ लावून कव्हर बसवलेलं असतं. खालच्या फटीतून खडा आत गेला, बेल्ट आणि पुलीच्या मध्ये आला, की बेल्ट एका झटक्यात दात सोडतो.

हे सगळं ठीक दिसलं आणि मुदत संपलेली असेल तरी बेल्ट बदलायचाच. आजकालचे एचएनबीआर नावाच्या टिकाऊ रबराचे बेल्ट शेवटपर्यंत वरून नीट दिसतात, भेगा न पडताच दात उडवतात. तपासणीतून ‘लगेच बदला’ हे कळतं, ‘अजून चालेल’ हे कळत नाही.

सामान आणताना

चेसिस नंबर दाखवूनच बेल्ट घ्या, गाडीचं नाव सांगून नाही. एकाच मॉडेलमध्ये वर्षाप्रमाणे दातांची संख्या आणि दातांचा आकार बदलतो. घरी आणल्यावर जुन्या बेल्टशी दात मोजून ताडून पाहा. रबर बँड लावून घडी घातलेला किंवा खिळ्याला टांगलेला बेल्ट घेऊ नका, आणि विकत घेतलेला मेच्या उन्हात डॅशबोर्डवर ठेवून गावभर फिरू नका.

टेन्शनर आणि आयडलर (बेल्टला वळण देणारी साधी पुली) बेल्टबरोबरच बदला. एवढी सगळी खोलाखोल करून जुनं बेअरिंग आत ठेवणं हा पैसे वाचवण्याचा सगळ्यात वाईट मार्ग आहे. बेअरिंग जाम झालं की नवा बेल्टही त्याच्यावर घासून जातो. वॉटर पंप टायमिंग बेल्टवर फिरत असेल, किंवा पंपापर्यंत पोचायला बेल्ट काढावाच लागत असेल, तर तोही घ्या. कॅमचं आणि क्रँकचं सील स्वस्त आहे, ते ठेवाच. सगळं मिळून किट मिळतं. डुप्लिकेट मालाचा सुळसुळाट आहे, त्यामुळे बिल देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या.

हत्यारांत सॉकेट सेट, जॅक, मजबूत स्टँड, टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना) आणि पांढरा पेंट मार्कर लागतो. टॉर्क रेंच नसेल तर भाड्याने किंवा ओळखीत मिळवा, त्याशिवाय सुरुवात नको. आणि आपल्या इंजिनाचं सर्व्हिस मॅन्युअल. त्यातल्या खुणांचं चित्र आणि टॉर्कचे आकडे जवळ नसतील तर पुढचं काम हाती घेऊ नका.

कोणती गाडी घरी करावी? ८०० किंवा ७९६ सीसीच्या अल्टोसारखं साधं, एका कॅमचं पेट्रोल इंजिन असेल आणि हाताला पान्याची सवय असेल तर जरूर करा. कॉमन रेल डिझेल (सगळ्या सिलिंडरना एकाच सामायिक नळीतून जास्त दाबाने डिझेल देणारं इंजिन) असेल तर गॅरेजला द्या. बऱ्याच डिझेल इंजिनांत कॅम आणि क्रँक जागेवर धरायला त्याच इंजिनाच्या पिना लागतात. काहींत क्रँक पुलीला चावीच (पुलीला शाफ्टवर घसरू न देणारा धातूचा तुकडा) नसते, पुली फक्त बोल्टच्या पकडीवर उभी असते. तिथे अंदाजाने काम केलं की वॉल्व्ह गेलेच. गॅरेजला दिलीत तरी पुढचे टप्पे वाचा, म्हणजे काय विचारायचं ते कळेल.

खोलणं

सपाट, सावलीची, पक्की जागा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. बहुतेक लहान गाड्यांत टायमिंगची बाजू उजव्या पुढच्या चाकाकडे असते. चाकाचे बोल्ट आधी सैल करा, मग जॅक लावा, स्टँड ठेवा आणि चाक काढा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका. चाकामागचं प्लास्टिकचं आवरण काढा, अल्टरनेटरचा आणि एसीचा बेल्ट काढा, प्लग काढा. इंजिन माउंटिंग आड येत असेल तर ऑइल चेंबरखाली लाकडी फळी देऊन दुसऱ्या जॅकने इंजिनाला टेकू द्या आणि मगच माउंटिंग सोडा.

क्रँक पुलीचा बोल्ट सगळ्यात हट्टी. पुली धरायचं हत्यार मिळालं तर उत्तम, नाहीतर गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकून जोडीदाराला ब्रेक घट्ट दाबायला सांगा आणि लांब दांड्याने बोल्ट सोडा. रेंच चॅसिसला अडकवून स्टार्टर मारायची युक्ती काही जण करतात. त्यात रेंच उडून हनुवटी फुटू शकते आणि इंजिन उलट-सुलट झटका खातं. करू नका. बोल्ट सैल झाला की गिअर न्यूट्रलमध्ये आणा.

आता खुणा. १ नंबर सिलिंडरचा पिस्टन वरच्या टोकाला, म्हणजे टीडीसीवर आणायचा. इथे नवखा माणूस हमखास फसतो. बाहेरच्या क्रँक पुलीवर जी खाच आणि कव्हरवर जे आकडे असतात ते इग्निशन टायमिंगचे. बेल्टची खूण आतल्या दातेरी पुलीवर असते आणि ती ऑइल पंपाच्या बॉडीवरच्या बाणासमोर यावी लागते. कॅम पुलीची खूण हेडवरच्या किंवा मागच्या कव्हरवरच्या खाचेसमोर. क्रँकची खूण जुळली पण कॅमची बरोबर उलट्या बाजूला दिसतेय? घाबरू नका, क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवा. काही कॅम पुल्यांवर एकाहून जास्त खुणा असतात, कारण तीच पुली दुसऱ्या इंजिनालाही लावतात. मॅन्युअलमधल्या चित्राशी ताडूनच पुढे जा.

दोन्ही खुणा जुळल्या की बाहेरची पुली आणि खालचं कव्हर काढा. पुली काढताना क्रँक किंचित हलला असेल तर परत जुळवून घ्या. मोबाइलवर तीन-चार बाजूंनी फोटो काढा. पेंट मार्करने जुना बेल्ट आणि कॅम पुली यांच्यावर एक सलग रेघ, तशीच क्रँक पुलीशी एक रेघ. या दोन रेघांच्या मधले दात ज्या बाजूला टेन्शनर नाही त्या बाजूने मोजून लिहून ठेवा. टेन्शनर सैल करून बेल्ट काढा.

बेल्ट निघाल्यापासून नवा बसेपर्यंत कॅम किंवा क्रँक एकटा फिरवायचा नाही. वॉल्व्ह पिस्टनला इथेही लागतात, इंजिन बंद असलं तरी.

मोकळी जागा मिळालीय तर सगळं बघून घ्या. सील बदलताना शाफ्टवर ओरखडा पडू देऊ नका, नव्या सीलच्या ओठाला थोडं इंजिन ऑइल लावून सरळ ठोका. पंप बदलत असाल तर बसायची जागा स्वच्छ खरवडा. पुल्यांच्या दातांतली काळी पेस्ट कपड्याने आणि ब्रशने काढा. पेट्रोल-डिझेलने धुऊन ओल्या पुलीवर नवा बेल्ट चढवू नका.

बसवणं

हात धुवा. खरंच सांगतोय, ग्रीसच्या हाताने नवा बेल्ट धरू नका.

बेल्टवर बाण असेल तर तो इंजिन फिरायच्या दिशेला. जुन्या बेल्टवरच्या दोन रेघा दात मोजून नव्यावर उतरवून घेतल्यात तर काम सोपं होतं. आधी क्रँक पुलीवर चढवा, मग ज्या बाजूला टेन्शनर नाही ती बाजू ताणलेली ठेवत कॅमवर न्या, शेवटी टेन्शनरवर सरकवा. ढील राहिली तर ती टेन्शनरच्याच बाजूला राहिली पाहिजे. बेल्ट चढत नसेल तर स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. टेन्शनर पूर्ण मागे ओढलेला आहे ना, ते आधी बघा.

टेन्शनर कोणता आहे त्यावर पुढचं ठरतं. स्प्रिंगचा असेल तर बोल्ट सैल ठेवून स्प्रिंगला स्वतःहून बेल्ट ताणू द्या. काटा असलेला असेल तर काटा खाचेसमोर आणून बोल्ट आवळा. हायड्रॉलिक असेल तर त्याची पिन सगळ्यात शेवटी ओढा.

मग क्रँक हातानेच, इंजिनाच्या दिशेने, सावकाश २ पूर्ण फेरे फिरवा. बहुतेक इंजिनांत ही दिशा बेल्टच्या बाजूने पाहिल्यावर घड्याळाच्या काट्याची असते. मध्येच टणक अडकलं तर जोर लावू नका. वॉल्व्ह पिस्टनला टेकलाय, टायमिंग चुकलंय, मागे येऊन परत लावा. २ फेऱ्यांनंतर दोन्ही खुणा तंतोतंत समोर यायला हव्यात. पेंटच्या रेघा मात्र आता जुळणार नाहीत, बेल्ट पुढे सरकलेला असतो. त्या पाहून घाबरणारे पुष्कळ. खुणा पुलीच्या आणि बॉडीच्याच बघायच्या.

‘एक दात मागे-पुढे चालतो’ असं कुणी म्हणालं तर हिशोब करून दाखवा. क्रँक पुलीला समजा २० दात आहेत, तर एका दाताचा फरक म्हणजे क्रँकचे १८ अंश. गाडी सुरू होईलही, पण ओढणार नाही, चेक लाइट येईल, आणि काही इंजिनांत वॉल्व्ह लागतीलही. खुणा जुळल्यावर टेन्शनरचा बोल्ट टॉर्कने आवळा, पुन्हा २ फेरे फिरवा, पुन्हा बघा.

मग खालचं कव्हर, रबरी पट्टीसकट, सगळ्या बोल्टांनिशी. क्रँक पुलीचा बोल्ट मॅन्युअलच्या टॉर्कने. टॉर्कनंतर अमुक अंश फिरवा असं लिहिलेलं असेल तर तो बोल्ट सहसा नवाच लागतो. बाकी जसं काढलं तसं लावा. कूलंट काढलं असेल तर तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये कॉन्सन्ट्रेट मिसळून भरा, आणि आतली हवा नीट काढा. हवा अडकली की गाडी तापते.

पहिला स्टार्ट देऊन लगेच रेस करू नका. आयडलिंगला उभी ठेवून कान द्या. वेगाबरोबर चढणारी शीळ ऐकू आली तर बेल्ट जास्त ताणलाय. कव्हरवर फटफट आवाज आला तर सैल आहे. दोन्हीत इंजिन बंद करून परत उघडायचं. सगळं ठीक असेल तर तारीख आणि किलोमीटर लिहून बॉनेटच्या आत स्टिकर लावा. इनोव्हा असेल तर टी-बेल्टचा दिवा रिसेट करा. आठवड्याभराने पंपाखाली आणि सीलच्या जागी ओल आहे का, एकदा बघा.

रस्त्यात तुटला तर

मोहोळ किंवा नळदुर्गच्या आसपास चालत्या गाडीत इंजिन एकदम बंद पडलं आणि किल्ली फिरवल्यावर स्टार्टर रिकाम्या शिलाई मशीनसारखा हलका, भराभर फिरला, तर कॉम्प्रेशन गेलंय आणि बहुधा बेल्टही. परत स्टार्टर मारू नका. ढकलस्टार्ट तर अजिबात नको. उरलेले वॉल्व्हही वाकतील. गाडी न्यूट्रलमध्ये कडेला घ्या, हायवेला हॅझर्ड दिवे लावा, टोइंग बोलवा. गॅरेजमध्ये आधी नवा बेल्ट खुणांवर लावून, इंजिन हाताने फिरवून कॉम्प्रेशन तपासायला सांगा. सगळ्याच सिलिंडरचं कॉम्प्रेशन नीट आलं तर हेड खोलायची गरज नाही. एकाचंही शून्य आलं तर हेड काढावं लागेल. तेव्हा वाकलेले वॉल्व्ह बदलण्याबरोबर गाइड (वॉल्व्ह ज्यात वर-खाली सरकतो त्या नळ्या) तपासायला आणि पिस्टनवरच्या खुणा तुम्हाला दाखवायला सांगा, आणि बिलात बेल्टबरोबर टेन्शनरही लिहिलाय ना, ते पैसे देण्याआधी वाचा.